सांडाची सोयरीक

नाचणगावात आबाजींच्या कोठ्यात दहा गाई-वासरं होती आणि एक सांड. सगळी गवळाऊ जातीची. पांढरीशुभ्र, लांबट अरुंद तोंडाची, अंगानं हलकी आणि पायानं चपळ. ओळीतल्या बाकीच्या कोठ्यांत आधी जर्सी आली, मग ट्रॅक्टर आला, आणि शेवटी कोठ्यांत मोटारसायकली उभ्या राहू लागल्या. आबाजींनी दावण मोडली नाही. पुलगावच्या बसस्टँडवर कुणी ओळखीचं भेटलं की ते दुधाबद्दल बोलत नसत, कारण गवळाऊचं दूध बेताचंच. ते रक्ताबद्दल बोलत.

"माह्या कोठ्यात बाहेरचा एक थेंब नाही," ते म्हणत. "बापानं ज्या गाईपासून सुरवात केली, तिचीच ही सारी वेल."

सांडाचं नाव सरदार. 2021 च्या डिसेंबरात न्यायालयानं बैलांच्या शर्यतींची वाट मोकळी केली आणि विदर्भात पुन्हा शंकरपट भरू लागले, तेव्हापासून सरदारच्या गोऱ्ह्यांना गिऱ्हाईक येऊ लागलं. आबाजी गिऱ्हाइकाला खाटेवर बसवत, चहा पाजत, सरदारला दाव्यानं धरून अंगणात फिरवत आणि मग म्हणत, "इकायचा नाही." हा त्यांचा आवडता कार्यक्रम होता. पैशापेक्षा नाही म्हणण्यात त्यांना गोडी.

गवळाऊचा असा अभिमान वर्धा जिल्ह्यात नवा नाही. हलक्या गाड्या घेऊन डोंगराळ मुलखात धावणारी ही जात मराठ्यांच्या फौजांनी वापरली, असं जुनी माणसं सांगत आली. 1941 साली जमनालाल बजाजांनी वर्ध्यात गोसेवेचं काम हाती घेतलं आणि पुढच्या फेब्रुवारीत जाईपर्यंत तेच धरून बसले. कारंजा घाडगे तालुक्यात हेटीकुंडीला सरकारनं या जातीसाठी पैदास केंद्र चालवलं. एवढं होऊनही गावोगावची दावण आखडत गेली. दूध जास्त देणारी संकरित गाय दारात आली की घरची गवळाऊ बाजाराची वाट धरते. त्यात कुणाला दोष द्यायचा? पोरांची फी रक्ताच्या अभिमानावर भरता येत नाही.

तर आबाजींच्या कोठ्यात गेल्या काही वर्षांत काहीतरी बिघडत चाललं होतं. चांदणी तीनदा उलटली. हरणीला वासरू झालं ते उभंच राहीना. दोन दिवस आजीनं त्याला बाटलीनं चीक पाजला, तिसऱ्या दिवशी ते गेलं. पवळीची कालवड जगली, पण वर्षाची झाली तरी सहा महिन्यांची दिसे. आबाजींनी आधी ढेपेवर संशय घेतला. सरकी ढेपेत भेसळ आहे म्हणून दुकान बदललं. मग शेजारच्याची नजर. मग हवामान. एकदा तर त्यांनी मोबाइलच्या टॉवरलाही धरलं.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. त्यांनी गाई तपासल्या, खनिज मिश्रण लिहून दिलं आणि जाताजाता विचारलं, "आबाजी, हा सांड किती वर्षांपासून आहे?"

"आठ तर झाले."

"आणि या कालवडी कुणाच्या?"

"याच्याच. कोनाच्या असतीन?"

बाई काही बोलल्या नाहीत. मोटारसायकलवर बसताना नातीला मात्र म्हणाल्या, "तू लिहून काढ. कोण कुणाचं, ते."

नात पुलगावला कॉलेजात विज्ञान शिकत होती. तिनं कालनिर्णयच्या जुन्या पानाची मागची कोरी बाजू घेतली आणि आबाजींसमोर बसली. सगळ्या जनावरांच्या कानात सरकारी पिवळे बिल्ले होते, बारा आकडी. तिनं एकेकाचा आकडा लिहिला, पुढे नाव, आणि विचारत गेली. आबाजी खुशीत. म्हाताऱ्या माणसाला त्याच्या ढोरांची वंशावळ विचारा, तो जेवण विसरतो. चांदणी कुणाची? गंगीची. गंगी कुणाची? मोठ्या कपिलेची. चांदणीचा बाप? आधीचा सांड, राजा. आणि सरदार? तोही राजाचाच, चांदणीच्या पोटचा. म्हणजे चांदणी राजाची लेक आणि सरदार राजाचाच लेक? हाव. आणि हरणी? चांदणीचीच, सरदारपासून.

नात रेघा ओढत होती. आठवणीतून एकही नाव चुकलं नाही; त्या बाबतीत आबाजींना तोड नव्हती. पण तासाभरानं पान उलटं करून तिनं त्यांच्यापुढे धरलं, तेव्हा सगळ्या रेघा फिरून फिरून दोन नावांवर येत होत्या. राजा आणि सरदार. हरणीचा बाप सरदार, हरणीचा भाऊही सरदार, आणि हरणीच्या मेलेल्या वासराचा बापही सरदारच.

आबाजींनी पान पाहिलं आणि म्हणाले, "मंग? सांगतलंच तं होतं, बाहेरचं रक्त नाही म्हनून."

बैलपोळ्याला आबाजींचा भाचा आला. तो वनखात्यात, बोरच्या जंगलात वनरक्षक. बोर हा आपल्याच जिल्ह्यातला व्याघ्र प्रकल्प, 2014 साली झालेला, देशातल्या सर्वांत लहान प्रकल्पांपैकी एक; गाभा जेमतेम 138 चौरस किलोमीटरचा. भाचा एकदा प्रशिक्षणासाठी उत्तर प्रदेशात दुधव्याला जाऊन आला होता आणि तिथल्या गेंड्यांचं त्याला वेड लागलं होतं. पुरणपोळी झाल्यावर त्याच्या हातात नातीनं ते पान दिलं. तो बराच वेळ पाहत राहिला आणि हसायला लागला.

"मामाजी, तुमचा सरदार म्हनजे आमचा बांके."

"कोन बांके?"

मग त्यानं सांगितलं. दुधव्यात गेंडे शंभर वर्षांपूर्वीच संपले होते. देशातले बहुतेक गेंडे आसामात एकवटलेले. तिथं साथ आली, ब्रह्मपुत्रेनं घेतलं, तर जातच जाईल, म्हणून दुसरं घर हवं असं ठरलं. 1984 च्या मार्चात आसामातल्या पोबितोऱ्याकडून पाच गेंडे धरून विमानानं दिल्लीला आणले आणि तिथून ट्रकनं दुधव्याला. दोन माद्या थोड्याच काळात गेल्या. दुसऱ्या वर्षी नेपाळच्या चितवनातून चार माद्या आणल्या. त्यांच्या बदल्यात भारतानं नेपाळला 16 शिकवलेले हत्ती दिले. विजेच्या तारांचं कुंपण घातलं, आत 27 चौरस किलोमीटर. आणि तिथं चलती राहिली एका नराची. त्याचं नाव बांके. वर्षानुवर्षं जन्माला आलेली पिल्लं जवळजवळ सगळी त्याची. मग त्याच्या लेकींनाही नर तोच.

"संख्या वाढली ना?" आबाजींनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलं.

"वाढली. चाळिसाच्या वर गेली. म्हनूनच पेपरात फोटो येतात. पण जानकार विचारतात, बाहेरचा नर कवा आणता? संख्या दिसते, मामाजी. रक्त दिसत नाही."

बोलता बोलता तो गेंड्याच्या मोजणीत शिरला आणि आबाजी पान विसरून ऐकत बसले. गेंडी 15–16 महिने गाभण राहते, हे ऐकून आजीनं "अरे देवा" म्हटलं. एका वेताला एकच पिल्लू, आणि दुसऱ्यासाठी साधारण तीन वर्षं. त्यामुळे दोन पिल्लं गेली तर ते नुकसान भरून यायला बरीच वर्षं लागतात. गेंडा शेण टाकायला पुन्हापुन्हा त्याच जागी येतो, तर पाहणारे ते ढीग वाचतात. कोण आलं, किती दिवसांपूर्वी, कुणाशी जागा वाटून घेतली. आफ्रिकेत तर गेंड्याला बेशुद्ध करून कानाच्या कडांना खाचा पाडतात. डाव्या कानाला कुठं, उजव्याला कुठं, वर की खाली, त्यावरून नंबर होतो. दुर्बिणीतून कान पाहायचा आणि वहीत लिहायचं. केनियात 1970 च्या सुमारास काळे गेंडे 20,000 च्या घरात होते. ऐंशीचं दशक सरताना 400 सुद्धा राहिले नाहीत. मग एकेकाला पहारा, एकेकाची नोंद, आणि गर्दी झाली की तिथून उचलून दुसरीकडे. आता हजाराच्या वर गेलेत.

"कानावरून ओळखतेत?" आबाजींनी चांदणीच्या पिवळ्या बिल्ल्याकडे पाहिलं. "आपल्या ढोराले तं सरकारनंच नंबर देल्ला. पन इमा मिळाव म्हनून नाही तं बाजारात इकता याव म्हनून."

"नंबर तोच. उपयोग आपण काय करतो, ते पाहायचं."

याला आबाजींकडे उत्तर नव्हतं, म्हणून त्यांनी दुसरा दगड काढला. "अन तुमी काय केलं रे? ती वाघीन आनली होती ना, गयात पट्टा बांधून?"

अंगणात सगळे गप्प झाले. ती गोष्ट जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. 2017 च्या जुलैत ब्रह्मपुरीकडची एक तरुण वाघीण पकडून, कॉलर लावून बोरात सोडली. ती तिथं थांबली नाही. शेकडो किलोमीटर भटकली, शेतशिवारातून, गावाकाठावरून. माणसं मेली. गोळी घालायचा हुकूम निघाला, प्रकरण कोर्टात गेलं. ऑक्टोबरात कारंजा तालुक्यातल्या सिंदीविहिरीच्या शिवारात, पिकाभोवती लावलेल्या विजेच्या तारेला लागून ती मेली.

"एक जागेवरून काढून दुसऱ्या जागी फेकलं म्हनजे झालं?" आबाजी म्हणाले. "माह्या सरदारचं तसंच करू?"

भाच्यानं वाद घातला नाही. "कॉलर ती कुठं आहे ते सांगे. तिथं काय आहे, ते नव्हती सांगत," एवढंच म्हणाला. हा माणूस मला आवडतो. खात्याची बाजू घेऊन बोलणं त्याला अवघड नव्हतं.

मग आजी बोलली. ती इतका वेळ ताटं आवरत होती. "तुमी पोरीची सोयरीक कराले गेल्ते, तवा पयले काय इचारलं?"

"काय इचारलं?"

"देवक. देवक एक निंगालं तं तिथून चहा न पेता वापस आले होते. पोरगा नोकरीवाला होता. मी रडली. तुमी म्हनलं, एका देवकात लेक देत नसतेत. आन ह्या कोठ्यात वीस वरसं काय चालू हाय?"

आबाजींचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. नातीनं जे पानभर रेघा ओढून सांगितलं, डॉक्टरीणबाईंनी जे अर्ध्या वाक्यात सोडलं, ते एका शब्दात येऊन बसलं. शास्त्र वेगळं काही सांगत नाही. प्रत्येक जिवाच्या रक्तात एक-दोन खोट लपलेली असते. परक्या रक्ताशी गाठ पडली की ती झाकली जाते. त्याच घरात फिरत राहिली की दोन्हीकडून तीच खोट येते आणि वर निघते. कुणाचं गर्भात जातं, कुणाचं तिसऱ्या दिवशी. मोठ्या कळपात ते पचून जातं, लहान कळपात नाही.

"आन दुसरं," आजी थांबली नाही, "देवक जुळलं नाही म्हनून पोरगी कोनाच्याही घरात लोटली नाही तुमी. चार घरं पाह्यली. विहिरीले पानी हाय का, सासू कशी, रस्ता कसा. तसं पाहा ना मंग."

पुढच्या रविवारी आबाजी, नात आणि भाचा कारंजा तालुक्याकडे निघाले. पुलगावहून आर्वीला पूर्वी शकुंतला रेल्वेनं जाता येई. ती केव्हाच बंद पडली, म्हणून जीप केली. डॉक्टरीणबाईंनी हेही सांगितलं होतं की सांड न्यायची गरज नाही, दुसऱ्या वळूच्या रेताची कांडी आणूनही काम होतं. ते खरंच होतं आणि स्वस्तही. पण आबाजी म्हणाले, कांडीचं तोंड कोन्तं पाहू?

डोंगराच्या पायथ्याशी नंदगवळ्यांची वस्ती होती. म्हाताऱ्या गवळ्याकडे चाळीसेक गवळाऊ आणि एक सांड, शिंगं आखूड, खांदा भरलेला. आबाजींनी आधी विहीर पाहिली. मग कोठ्याची जमीन ओली की कोरडी. मग खाली बसून वासरांचं शेण काडीनं उलटून पाहिलं. गवळी हे सगळं बघत होता आणि त्याला राग येत नव्हता. तो स्वतः त्याच पद्धतीनं माणसं पारखणारा. मात्र भाच्याच्या अंगावरची खाकी पाहून त्याचा चेहरा उतरला होता. या वस्त्यांचं आणि जंगलखात्याचं चराईवरून जुनं भांडण. वाघांसाठी जंगल बंद होत गेलं तसं गवळ्यांचं कुरण आखडलं, आणि कुरण आखडलं तसा गवळाऊचा कळप. वाघ वाचवताना गाय मरते आणि गाय वाचवायची तर वाघाची जागा लागते, हा तिढा सोडवायला जीपमध्ये बसलेली तिघं माणसं पुरेशी नव्हती. भाचा बाहेर बाभळीखाली जाऊन बसला.

नातीनं पान पसरलं. गवळ्यानं आपली वंशावळ तोंडी सांगितली, तिनं लिहिली. त्याच्याकडेही तेच निघालं: गेली सहा वर्षं एकच सांड, आणि तीन कालवडी त्याच्याच, लवकरच माजावर येणाऱ्या.

"मंग तुमीही अडकले," आबाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच बरं वाटल्याची छटा होती.

आता सौदा सुरू झाला. कुणाचा सांड चांगला यावर तासभर गेला आणि ते ठरणार नव्हतंच. गवळ्याला सरदारचे पाय लांब वाटले, आबाजींना त्याच्या सांडाचं वशिंड झुकलेलं. नातीनं मध्ये पडून गेंड्यांचे हत्ती सांगितले, चारांना सोळा. गवळी म्हणाला, "हत्ती कोठं बांधू? मले कुटार द्या." आबाजींच्या वावरात तुरी-सोयाबीनचं कुटार पडून असायचं, कोणी उचलून नेत नसे. दोन ट्रॉल्या कुटार आणि सांडाला सांड, तीन वर्षांसाठी. तीनच का, तर सांडाच्या लेकी माजावर येण्याच्या आधी तो निघून गेला पाहिजे. हा हिशेब नातीचा. वासरं ज्याच्या कोठ्यात जन्मतील त्याची. दर वेताची नोंद दोन वह्यांत: एक इथं, एक नाचणगावात. कुणी गोऱ्हा विकला तर घेणाऱ्याचं गाव लिहायचं.

उठताना गवळ्यानं बाभळीकडे पाहिलं आणि म्हणाला, "त्या साहेबाले चहा पाजा." चराईचा प्रश्न तिथल्या तिथे राहिला, पण चहा पाजला.

सरदार गेला तेव्हा आबाजी दोन दिवस जेवले नाहीत असं मला लिहायचा मोह होतो, पण ते जेवले. नव्या सांडाला मात्र त्यांनी महिनाभर नाव दिलं नाही. "तो पावना" म्हणत. त्याच्या चालीत खोड, हंबरण्यात खोड. दर पंधरा दिवसांनी फोन करून सरदारला गोचीड झाले का विचारत, आणि पलीकडून गवळी पावण्याच्या खुरांबद्दल विचारी. दोन म्हाताऱ्यांना बोलायला विषय मिळाला. नातीनं कालनिर्णयचं पान टाकून जाड वही केली. दर सोमवारी ती कोठ्यात फिरून प्रत्येक जनावर हात लावून पाही: अंग भरलं का, माज आला का, कास कशी, कानातला बिल्ला जागेवर आहे का. बघितलं म्हणजे नोंद झाली असं ती मानत नसे. एकदा पवळीच्या कालवडीचा बिल्ला काट्यात अडकून पडला, तर नवा लागेपर्यंत तिनं तिच्या कपाळावरचा भोवरा आणि शेपटीचा गोंडा असं वर्णन लिहून ठेवलं.

चांदणी पावण्याकडूनही दुसऱ्यांदा उलटली तेव्हा आबाजींनी "पाह्य!" म्हणून विजयी चेहऱ्यानं नातीकडे बघितलं. तिनं वही पुढे केली: चांदणीचं वय चौदा. तो दोष पावण्याच्या माथी मारता येत नव्हता. हरणी मात्र पहिल्याच खेपेला गाभण राहिली. नऊ महिने नऊ दिवसांनी गोऱ्हा झाला आणि तासाच्या आत उभा राहून थानाला लागला. आबाजींनी त्याच्याकडे बघून नाक मुरडलं. तोंड किंचित रुंद होतं, पावण्यावर गेलेलं. संध्याकाळी पुलगावच्या बसस्टँडवर ते सांगत होते की गोऱ्हा आपल्या हरणीवर गेलाय.

तीन वर्षं सरायच्या आत देवळीकडून एक माणूस आला. पटाचा शौकीन, गळ्यात साखळी, गाडी दाराशी. हरणीचा गोऱ्हा एव्हाना भरला होता. माणसानं खाटेवर बसायच्या आधीच भाव सांगितला, आणि तो भाव मोठा होता. सांड म्हणून न्यायचा, घरी पाच गवळाऊ गाई आहेत, म्हणाला.

आबाजींनी चहा सांगितला. गोऱ्ह्याला अंगणात फिरवलं. मग नातीला वही आणायला लावली.

"तुमच्या गाई कोठच्या?"

"कोठच्या म्हनजे? घरच्या हायेत."

"घरी कवा आल्या? कोनापासून घेतल्या?"

"दोन तं आर्वीकडून आनल्या. एक इथूनच, तुमच्याच गावातून, वडिलाच्या टायमाले."

"कोनापासून?"

"आता ते काय याद हाय बाप्पा. वडील तं गेले."

आबाजींनी वही उघडली, पानं मागे मागे उलटली, बापाच्या काळापर्यंत. तिथं नातीनं त्यांच्या तोंडून उतरवून घेतलं होतं, गंगीची एक बहीण देवळीला विकली. त्यांनी बोट त्या ओळीवर ठेवलं.

"पैसे तं लय चांगले सांगतले तुमी," ते म्हणाले. "पन पयले घरी जा. आईले इचारा, शेजाऱ्याले इचारा. ती गाय आमच्या गंगीची बहीन निंगाली तं तिच्या वेलीवर हा गोऱ्हा लावता येत नाही. मंग मी तुमाले कारंज्याचा पत्ता देतो."

"अजी, ढोरंच तं हायेत!"

"हाव. ढोरंच हायेत. म्हनूनच तं इचारा लागते. त्याईले थोडी सांगता येते?" आणि चहा पुढे सरकवत त्यांनी विचारलं, "साखर कमी घेता का जास्त?"